बन्नीमंटपातला जुना मिक्सर

विजयादशमीच्या दुपारी सगळे म्हैसूर एकाच दिशेला चालू लागते. अंबाविलास राजवाड्यातून पाठीवर सोन्याची अंबारी घेतलेला हत्ती निघतो, कृष्णराज चौक ओलांडून सयाजीराव रस्त्याला लागतो (होय, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्याच नावाचा हा रस्ता!) आणि सुमारे पाच किलोमीटरची वाट चालून बन्नीमंटपाला पोहोचतो. अंबारीचे वजन साडेसातशे किलो सांगतात. ती डोळाभर पाहण्यासाठी माणसे सकाळपासून पदपथावर चटया टाकून बसलेली असतात. रात्री बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत होते, मोटारसायकलींच्या कसरती होतात. २०२४ साली तर आकाशात ड्रोनचाही खेळ झाला. दुसऱ्या दिवशी प्रवासी चामुंडी टेकडी, वृंदावन बाग आणि श्रीरंगपट्टण करायला निघून जातात आणि बन्नीमंटपाचे नाव वर्षभरासाठी विसरतात.

खरे तर हा भाग दोन दिवस राहून पाहावा असा आहे. बंगळूरकडून येणारा मोठा रस्ता इथूनच शहरात शिरतो. सेंट फिलोमिना कॉलेज, जेएसएस संस्थेची वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय महाविद्यालये, एस.टी.चा डेपो आणि त्यांच्या मागे शांत, सरळ गल्ल्यांमधली घरे. दारात रांगोळी, कुंपणावर जाई, आणि पहाटे फिल्टर कॉफीचा वास. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने हवेत मुंबईचा चिकटा नाही की विदर्भाची काहिली नाही. या हवेचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. पुढे तिचा संबंध थेट रुपयांशी येणार आहे.

'बन्नी' म्हणजे शमी आणि 'मंटप' म्हणजे मंडप. अज्ञातवासाला जाण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली ही कथा आपल्याला ठाऊकच आहे. आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो, तिकडे शमीची वाटतात. आपली खंडेनवमी म्हणजे तिकडची आयुधपूजा, पण थाट पाहावा तर म्हैसूरचा. बस, रिक्षा, शिलाईयंत्र, छापखान्याचे यंत्र, कॉलेजातली सूक्ष्मदर्शके, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूच्या माळा. वाहनासमोर कुंकू भरलेला कोहळा आपटतात. त्या फोडींवरून घसरू नये म्हणून दुसऱ्या दिवशी स्कूटर जपून चालवावी लागते.

२०२४च्या दसऱ्याला मी बन्नीमंटपात मामांकडे उतरलो होतो. आमचे मामा गलाई व्यावसायिक. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याचे काम करायला माणसे देशभर गेली. केरळ, तमिळनाडू, कर्नाटकातल्या सराफ पेठेत विट्याकडचा मराठी माणूस हमखास भेटतो. मामा ऐन तरुणपणी आले आणि अशोका रोडच्या सराफांची मोड आटवून तिचा टंच काढण्यात त्यांचा जन्म गेला. सोन्यात सोने किती आणि हीण किती हे सांगणे हाच त्यांचा धंदा. त्यामुळे गल्लीत कोणतीही जुनी वस्तू विकायची निघाली की लोक मामांना विचारतात. मग ते तांब्याचे हंडे असोत की जुनी जावा मोटारसायकल.

या वेळी विचारणा आली ती मिक्सरबद्दल. मामींना वाटले, स्वयंपाकघरातला. पण तिकडे त्याला 'मिक्सी' म्हणतात. हा मिक्सर होता आवाजाचा.

चार घरे सोडून राहणाऱ्या एका कन्नड बाईंच्या यजमानांचा साउंड सर्व्हिसचा व्यवसाय होता. लग्न, नाटक, भजन, शाळेचे स्नेहसंमेलन, निवडणुकीची सभा, सगळीकडे त्यांचे कर्णे आणि माईक. वर्षभरापूर्वी ते हृदयविकाराने गेले. मागे पत्नी, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी आणि भाड्याच्या शेडमध्ये भरलेले सामान. वर्षभर बाईंनी शेडचे भाडे भरले. आता दसरा झाला की शेड रिकामी करा, असा मालकाचा निरोप होता, आणि मुलीची फीही त्याच सुमाराला भरायची होती.

त्यांच्यापुढे दोन किमती होत्या. गुजरीवाल्याने सगळ्या शेडचे मिळून अडतीस हजार रुपये देऊ केले होते. (गंमत पाहा, कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफकट्टा आणि कन्नडमध्ये गुजरी म्हणजे जुना बाजार, भंगार!) दुसरी किंमत बंगळूरच्या पुतण्याने फोनवर सांगितलेली. "काकू, नुसता मिक्सरच तीन लाखांना जाईल. परदेशात असल्या जुन्या मिक्सरांचे लिलाव होतात." बाईंना झोप लागत नव्हती. अडतीस हजारांना द्यावे तर फसलो असे आयुष्यभर वाटणार, तीन लाखांची वाट पाहावी तर शेडचे भाडे चढणार.

मामा मला म्हणाले, "सोन्याचा टंच मी काढतो. ह्या डब्याचा तू काढ. तीस वर्षं मुंबईत काय केलंस मग?"

मी मुंबईत ध्वनिमुद्रणाच्या टेबलामागे तीस वर्षे काढली आहेत. तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

पुतण्याचे तीन लाख

आधी पुतण्याच्या म्हणण्याचा विचार करू, कारण तो खोटे बोलत नव्हता. २०१७ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतला ईएमआय कंपनीचा जुना मिक्सर अठरा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही गाजलेली ध्वनिमुद्रिका त्यावर झाली होती. इंग्लंडच्या रूपर्ट नीव्ह यांच्या कंपनीने १९७०च्या सुमारास बनवलेल्या मिक्सरची एकेक सुटी पट्टीसुद्धा आज मोठ्या किमतीला विकली जाते. त्या पट्ट्यांतल्या ट्रान्सफॉर्मरमधून गेलेल्या आवाजाला एक भरीवपणा येतो आणि तो ध्वनिमुद्रकांना आजही हवा असतो.

पण असे मिक्सर जगात थोडे. कोणत्या मिक्सरवर काय झाले याचे कागद असावे लागतात, आणि तो अजून चालावा लागतो. आपल्याकडेही मोठे कलावंत या टेबलामागे बसून गेले. परळच्या राजकमल कलामंदिरातल्या मंगेश देसाईंचे नाव आजही ध्वनीच्या क्षेत्रात आदराने घेतले जाते. 'शोले'च्या (१९७५) ध्वनिमिश्रणात त्यांचा हात होता. मुंबईच्या जुन्या बाजारात एखादा दुकानदार धुळकट मिक्सरवर हात ठेवून "साहेब, यावर मोठमोठी गाणी झालीत" म्हणतो, तेव्हा मी त्याला पावती मागतो. कागद नसेल तर ती ऐकायला छान गोष्ट असते, पण तिचे पैसे येत नाहीत.

मैदानी कार्यक्रमांच्या मिक्सरचे तर वेगळेच झाले. १९९१पूर्वी परदेशी यंत्रांवर जबर आयातशुल्क असे. ज्या साउंडवाल्याकडे विलायती मिक्सर, तो तालुक्याचा राजा! बाजार खुला झाला, स्वस्त मिक्सर आले, मग संगणकावर चालणारे डिजिटल आले. २०१२ साली बेहरिंगर कंपनीने एक्स-३२ नावाचा बत्तीस चॅनेलचा डिजिटल मिक्सर आणला. पूर्वी ज्यासाठी मिक्सरशेजारी कपाटभर यंत्रे लागत, ते सगळे त्या एका डब्यात होते. झाले! चार माणसांनी उचलायचे जुने मिक्सर शेडमध्ये जाऊन पडले.

म्हणून "किती जुना आहे?" या प्रश्नाला या बाजारात फारसा अर्थ नाही. म्हैसूरकरांना हे जावाच्या उदाहरणाने पटकन कळते. बन्नीमंटपाजवळच यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना होता, तो १९९६ साली बंद पडला. आज जपलेल्या जावा-येझदीला चांगली किंमत येते, कारण शौकीन आहेत, सुटे भाग मिळतात आणि गाडी दुरुस्त करणारे मिस्त्री गावात आहेत. यातले काही नसते तर ती नुसती जुनी गाडी. उलट पहिल्या पिढीतले डिजिटल मिक्सर पाहा. पडदा गेला किंवा आतली खास चिप गेली की बदली मिळत नाही, आणि एकेकाळी लाखांचा असलेला डबा कोणी फुकट नेत नाही. त्यांच्या मानाने साधा, तारा-बटणांचा ॲनलॉग मिक्सर म्हातारपणी बरा, कारण त्यातले बहुतेक भाग आजही पेठेत मिळतात.

शेडमध्ये

सप्तमीला सकाळी शेड उघडली. पत्रा, वर मंगळुरी कौले, आणि सामानावर जुनी साड्यांची गाठोडी पांघरलेली. अहुजाचे ॲम्प्लिफायर, ॲल्युमिनियमचे कर्णे, लाकडी खोक्यांतले मोठे स्पीकर, माईकच्या काठ्या, केबलींची भेंडोळी. कोपऱ्यात टेबलावर इंग्लंडच्या साउंडक्राफ्ट कंपनीचा, १९८०च्या दशकातला चोवीस चॅनेलचा मिक्सर. ही कंपनी १९७३ साली सुरू झाली आणि फिरत्या कार्यक्रमांच्या मिक्सरसाठी नावाजली.

मी आधी नाकाने काम केले. हसू नका. जळक्या वार्निशचा वास आला तर ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो, उंदरांचा आला तर आतल्या वायरी कुरतडलेल्या असतात. दोन्ही वास नव्हते. मग पाठीमागचे स्क्रू पाहिले. मुंबईतल्या किंवा कोकणातल्या यंत्राचे स्क्रू खारट हवेने तांबारलेले असतात, सॉकेट हिरवट पडतात. इथे स्क्रू चकाकत होते. मघाशी म्हैसूरच्या हवेचे म्हटले ते यासाठी. हाच मिक्सर रत्नागिरीत वीस वर्षे राहिला असता तर मी झाकण उघडण्याआधीच किंमत अर्धी केली असती.

पण एक गोष्ट मुंबईत कधी पाहिली नव्हती. आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळांना फेडर म्हणतात. त्या फेडरच्या फटींत लाल-पिवळी पूड बसली होती. दरवर्षीची आयुधपूजा! हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्यांचा भुगा. एका कोपऱ्यात नारळाच्या पाण्याचा सुकलेला ओघळही होता. मामा गंभीरपणे म्हणाले, "भक्तीनं केलंय, पण आत जायला नको होतं."

मामांनी मग त्यांच्या डोक्यातला प्रश्न विचारला. लोक म्हणतात, जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत सोने असते. ते किती? मी एक सॉकेट उघडून दाखवले. काही जोडण्यांवर सोन्याचा मुलामा असतो, पण त्याची जाडी केसाच्या जाडीचा शंभरावा भागही भरत नाही. बाकी सगळे कथील आणि पितळ. भिंगातून पाहून मामांनी निकाल दिला, "तेजाबाचा खर्च सुटायचा न्हाई. आणि घराच्या पाठीमागं असलं जाळून सोनं काढणाऱ्यांची फुप्फुसं जातात, मी बघितल्यात." गुजरीवाल्याचा हिशेब सोन्याचा नव्हताच. तो ट्रान्सफॉर्मरमधले तांबे आणि कर्ण्यांचे ॲल्युमिनियम किलोवर मोजत होता. त्याच्या धंद्याच्या मानाने त्याची किंमत खोटी नव्हती. फक्त तो चालत्या वस्तूला मेलेली समजत होता.

बल्बची परीक्षा

वर्षभर बंद असलेले यंत्र एकदम विजेवर लावू नये, हे घरात जुना रेडिओ असलेल्यांनीही लक्षात ठेवावे. आत कपॅसिटर असतात. पंख्याचा कंडेन्सर आपण ओळखतो, त्याचीच ही भावंडे. काहींमध्ये ओलसर रसायन असते, ते वर्षानुवर्षे सुकत जाते. पांडवांची शस्त्रे वर्षभर शमीवर राहून जशीच्या तशी निघाली, कारण त्यांत कपॅसिटर नव्हते! अशा वेळी आपले इलेक्ट्रिशियन एक जुनी युक्ती करतात, सिरीज बल्ब. यंत्राच्या वाटेत शंभर वॉटचा साधा बल्ब जोडायचा. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि यंत्र वाचते. यंत्र धड असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. ही जोडणी जाणकारानेच करावी. आमच्याबरोबर गल्लीतले इलेक्ट्रिशियन होते. बल्ब उजळला, मंदावला, आणि मिक्सरवरचा हिरवा दिवा लागला. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. यजमान गेल्यापासून तो दिवा लागला नव्हता.

पुढचे काम कंटाळवाणे, पण किंमत तिथेच ठरते. एकेका चॅनेलला माईक लावायचा, बोलायचे, प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे आणि कान देऊन ऐकायचे. चोवीस चॅनेल, प्रत्येकाची डझनभर बटणे. मी ऐकत गेलो आणि मुलगी वहीत लिहीत गेली. बटण फिरवताना खरखर आली तर पुष्कळदा धूळ असते. सफाईचा फवारा मारून वीसेक वेळा फिरवले की जाते. फवाऱ्यानंतरही एकाच जागी आवाज तुटत असेल तर आतला कार्बनचा पट्टा झिजला. ते बटण बदलावे लागते. सतत "हूं" असा गुणगुणाट येत असेल तर वीजपुरवठ्याचे कपॅसिटर सुकले. हा दोष भयंकर वाटतो, पण दुरुस्ती स्वस्तात होते. खरेदी करणारा मात्र तोच गुणगुणाट दाखवून किंमत पाडतो, हे विकणाऱ्याने ओळखून असावे.

काही माईकना मिक्सरकडून अठ्ठेचाळीस व्होल्टची वीज लागते, ती मीटरने मोजली. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने पट्ट्यांवर हलके ठोकून पाहिले. कुठे डाक सुटला असेल तर तडतडते. मग मिक्सर तीन तास चालू ठेवून आम्ही जेवायला गेलो. काही दोष यंत्र तापल्यावरच बाहेर येतात. दहा मिनिटांत "चालतोय बघा" म्हणून दाखवणाऱ्यापासून जपून राहावे, ते याचसाठी.

सातव्या चॅनेलवर लाल चिकटपट्टी होती. मी माईक लावण्याआधीच मुलगी म्हणाली, "अंकल, तो नको. अप्पा म्हणायचे तो पावसाळ्यात रुसतो." लहानपणी ती वडिलांबरोबर कार्यक्रमांना जायची आणि मिक्सरशेजारच्या खोक्यावर झोपायची. प्रत्येक चॅनेलखाली टेपवर वडिलांच्या अक्षरात कन्नडमध्ये लिहिलेले होते. तिने वाचून दाखवले: तबला, हार्मोनियम, मृदंग, स्वामीजी. खोक्यातून तिने एक वहीही काढली. कोणते बटण कधी बदलले, कुठून आणले, किती पैसे पडले, सगळे तारीखवार. त्या वहीमुळे मी माझ्या अंदाजात लगेच काही हजार वाढवले. ॲबी रोडचा कागद वेगळा आणि हा वेगळा, पण विकत घेणाऱ्याचा जीव त्यानेही निवांत होतो.

एवढ्याशा शहराला आवाजाचे हे वेड नवे नाही. १९३५ साली महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी म्हैसूरमध्ये स्वतःच्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केले आणि त्याला नाव दिले 'आकाशवाणी'. तेच नाव पुढे साऱ्या देशाच्या रेडिओने घेतले. जयचामराजेंद्र वडियार महाराजांकडे पाश्चात्त्य संगीताच्या हजारो ध्वनिमुद्रिका होत्या. निकोलाय मेद्तनर या रशियन संगीतकाराने उतारवयात लंडनमध्ये आपल्या रचना ध्वनिमुद्रित केल्या, त्या महाराजांच्या पैशाने. अशा गावातला साउंडवाला वही ठेवतो यात मला नवल वाटले नाही.

हिशेब

चोवीसपैकी एकोणीस चॅनेल स्वच्छ, तीन सफाईने सुधारणारे, सातवा रुसलेला आणि एक मेलेला. या मिक्सरची प्रत्येक पट्टी स्वतंत्र निघत होती. मेलेली पट्टी बाजूला ठेवून बाकी चालतो. सगळे एकाच मोठ्या बोर्डवर असते तर मी हा दोष फार मोठा मानला असता.

मी हिशेब उलट्या बाजूने धरतो. आज नवीन काय आणि कितीला मिळते, ते आधी पाहायचे. तेवढेच काम करणारा नवीन मिक्सर ज्या किमतीला येतो, त्याच्यापेक्षा जुन्यासाठी कोणी जास्त देणार नाही, शौकीन सोडून. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, तो आपल्या मनाने नाही तर मिस्त्रीला विचारून. मग वाहतूक. चार माणसांचा मिक्सर बंगळूरला न्यायचा म्हणजे टेम्पो आणि हमाली आली. उरते त्याच्या दोन तृतीयांश हाती येतील असे धरून चालावे, कारण घासाघीस होणारच. बंगळूर आणि म्हैसूरच्या दोन दुकानदारांना मामांनी फोन केले. असा मिक्सर विकायचा आहे असे नाही, घ्यायचा आहे असे सांगून! दुकानदार विकताना जी किंमत सांगतो ती खरी बाजारकिंमत. मामांची ही गलाईतली जुनी चाल.

माझा आकडा निघाला पन्नास ते साठ हजार, फक्त मिक्सरचा. पुतण्याला फोनवर सांगितले तेव्हा तो जरा गप्प झाला.

माईकच्या पेटीत मात्र निराशा होती. शुअर कंपनीचा एसएम-५८ हा १९६६पासून चालत आलेला माईक. जगात जितका प्रसिद्ध, तितकाच नकली. सहापैकी चार नकली निघाले. हातात घेतल्यावर हलके, जाळीवरचा रंग भडक, आणि उघडल्यावर आतल्या वायरींचा डाक ओबडधोबड. उरलेले दोन अस्सल, पोचे पडलेले, पण आवाज शुद्ध. माईकला पोचा पडला म्हणून घाबरू नये. उलट नवाकोरा दिसणारा, अर्ध्या किमतीत मिळणारा माईक संशयाने पाहावा.

मी एकच सल्ला दिला: सगळे एकाला विकू नका. मिक्सर ज्याला हवा त्याला कर्णे नकोत. अहुजाचे ॲम्प्लिफायर आणि कर्णे खेड्यातल्या देवळांना, शाळांना आजही लागतात, कारण ते कुठेही दुरुस्त होतात. मोठे स्पीकर दुसऱ्या साउंडवाल्याला. जे खरोखर मेले आहे तेवढेच गुजरीला. तीन गिऱ्हाइके शोधायला त्रास पडतो, पण अडतीस हजार आणि खरी किंमत यांतला फरक त्या त्रासाचाच असतो. बाईंनी मालकाकडून पंधरा दिवस मागून घेतले. त्याने कुरकुर करत दिले.

नवमीला त्यांनी शेवटची आयुधपूजा केली. या वेळी मुलीने मिक्सरवर प्लॅस्टिक घातले आणि कुंकू प्लॅस्टिकवर लावले.

मिक्सर मंड्याच्या एका हौशी नाटकमंडळीने नेला, चौपन्न हजारांना, सातव्या चॅनेलसकट. त्यांचा तंत्रज्ञ पोरगा संगणकावरच शिकलेला. मुलीने त्याला उभे करून सांगितले की चालू करताना आधी मिक्सर, मग ॲम्प्लिफायर. बंद करताना आधी ॲम्प्लिफायर, नाहीतर धडाम आवाज होऊन स्पीकर फाटतात. त्याने दोनदा म्हणून दाखवले, तेव्हा तिने वीजपुरवठ्याचा डबा त्याच्या हातात दिला. वहीची झेरॉक्स दिली, मूळ वही ठेवून घेतली. ॲम्प्लिफायर, कर्णे, दोन माईक आणि स्पीकर मिळून आणखी एकेचाळीस हजार आले. नकली माईक नकली म्हणून सांगूनच शाळेच्या मुलांना दिले.

उरलेल्या मोडतोडीसाठी गुजरीवाला हातगाडी आणि तराजू घेऊन आला. जळके ट्रान्सफॉर्मर, चेपलेले तीन कर्णे, तुटक्या काठ्या. मामांनी त्याला थांबवले, घरातून स्वतःचे पाच किलोचे वजन आणले आणि आधी ते त्याच्या काट्यावर ठेवले. काटा अगदी बरोबर निघाला. मामा जरा खट्टूच झाले, आणि मग त्यांनी त्याला कॉफी पाजली.